युनियन की लीग

परदेशात आल्यावर पेनरोज या उपनगरातल्या मालाच्या डेपोत नोकरी लागली तेव्हा मी रग्बीचा अभ्यास करून गेलो होतो. पुण्यात इंजिनिअर म्हणून मिरवलेला माणूस इथे खोकी उचलायला निघालेला. निदान चार जणांत बसून बोलता यावं, एवढीच इच्छा. रग्बी दोन प्रकारची, युनियन आणि लीग, आणि लीग ही कष्टकऱ्यांची, एवढं पाठ केलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट चालवणारा एक आडदांड माणूस हातात कागद घेऊन समोर उभा राहिला. म्हणाला, "युनियन?"

मी छाती फुगवून सांगितलं, "नो. लीग."

 त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि शनिवारी दुपारी तो मला गाडीत घालून मैदानावर घेऊन गेला.

तो एका नव्या लीग क्लबचा कप्तान निघाला. क्लब अर्धा व्यावसायिक, म्हणजे आठवडाभर सगळ्यांनी कुठेतरी राबायचं, शनिवारी खेळायचं आणि त्याबद्दल हातावर थोडंफार पडायचं. माझ्याकडे स्कोअरची वही आली. या देशात मला कुणी आपणहून कुठे बोलावलं, ते हे पहिल्यांदाच. घरी सांगताना माझा आवाज जरा चढलाच. बायको म्हणाली, "तुला कधी कबड्डीतलं तरी कळलंय का?"

कळत नव्हतंच. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा मागच्याला. सहा वेळा अडवलं की चेंडू समोरच्यांकडे. हे षटकासारखं वाटून मला धीर आला, तर पाचव्यालाच हे लाथ मारून मोकळे. आणि आपल्याकडे 'ट्राय करतो' म्हटलं की काम होणार नाही हे ठरलेलं. इथे ट्राय म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, म्हणजे फत्ते. पहिले दोन सामने मी नुसते प्रयत्न मोजले. वहीत आम्ही दणदणीत जिंकलो होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात क्लब आटोपला. टायरवाल्या प्रायोजकाने हात वर केले, चांगले खेळाडू ऑस्ट्रेलियाला गेले. शेवटच्या शनिवारी जर्सी खोक्यांत भरता भरता मी कप्तानाला विचारलं, त्या दिवशी एवढ्या लोकांतून मलाच का निवडलंस. काहीतरी गोड ऐकायची हौस, दुसरं काय.

तो हसत सुटला. तो कागद कामगार युनियनचा फॉर्म होता. रग्बीचं त्याच्या मनातही नव्हतं.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. दोन हिवाळे मी स्वतःला बोलावलेला पाहुणा समजत होतो आणि होतो आगंतुक. तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी कसंबसं विचारलं.

"तू इतकं पाठ करून आला होतास, ब्रो," तो म्हणाला. "नाही कसं म्हणणार?"

ही कीव होती की माया, हे मला आजही उलगडलेलं नाही. तेव्हा डोळे भरून आले एवढं खरं, आणि मी खोक्यात उगाच काहीतरी शोधत बसलो.

सोमवारी मी युनियनचा फॉर्म मागून घेतला. 'कोणी सुचवलं' या रकान्यात त्याचं नाव लिहिलं आणि शेजारी, कुणी विचारलेलं नसताना, क्लबचंही.