फ्रोस्याची चिठ्ठी

येफ्रोसिन्या श्वेत्सोवाने, आमच्या फ्रोस्याने, इस्त्री केलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा. तोंडाने मात्र भारी फटकळ. याल्टाच्या आरोग्यधामात आम्ही दोघी वीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिलो. त्यातली निम्मी वर्षं तरी तिने मला टोमणे मारण्यात घालवली असतील.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत लिवादियाच्या राजवाड्यात अमेरिकन पाहुणे उतरले, तेव्हा आम्हाला तिथे जुंपलं. जर्मन जाताना दारांच्या मुठीसुद्धा उचकटून घेऊन गेले होते. ताकीद एकच होती, पाहुण्यांशी बोलायचं नाही. खाली पुढारी जगाच्या वाटण्या करत होते आणि वर आम्ही त्यांच्या माणसांचे सदरे कडक करत होतो.

फ्रोस्याचा जीव मुलात अडकलेला. गोर्देय बेचाळीसपासून बेपत्ता होता. त्या हिवाळ्यात मुर्मन्स्कहून आलेल्या एका खलाशाने निरोप आणला: जिवंत आहे, जर्मनांच्या कैदेतून अमेरिकनांच्या छावणीत गेलाय, शोधू नकोस म्हणालाय.

"शोधू नकोस म्हणे! गाढव कुठला. अगदी बापाच्या वळणावर गेलाय."

"अगं, काही कारण असेल त्याचं," मी म्हटलं. शत्रूच्या हाती सापडलेल्या शिपायाला आमच्याकडे गद्दार म्हणत, ते तिलाही ठाऊक होतं.

"असू दे ना कारण. आधी घरी ये म्हणावं, मग सांग."

रविवारी चर्चमध्ये आम्ही दोन चिठ्ठ्या देतो. एकीवर जिवंतांची नावं, दुसरीवर गेलेल्यांची. पाद्री ती वाचून प्रार्थना करतो. तीन वर्षं फ्रोस्याने गोर्देयचं नाव एकीवरही घातलं नव्हतं. कुठे घालणार? निरोप आल्यावर ते जिवंतांत चढलं. आता तिने तशीच आणखी एक चिठ्ठी लिहिली. देवाला नुसतं नाव पुरतं, अमेरिकनांना आडनाव लागणार, म्हणून बापाचं नाव, आडनाव, जन्मसाल, गाव, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं लिहिलं आणि ती एका दुभाष्या अधिकाऱ्याच्या सदऱ्याच्या घडीत सरकवली.

"मरशील! आणि मलाही घेऊन जाशील," मी म्हटलं.

"तुला कोण नेतंय! तुझ्या हातचं एकदा खाल्लं की परत आणून सोडतील."

मला हसू आलं नाही. खरं सांगते, तिचा संतापच आला होता.

शेवटच्या दिवशी तो अधिकारी तुटलेलं बटण घेऊन इस्त्रीच्या खोलीत आला. मोडक्या रशियनमध्ये हळूच म्हणाला, "मावशी, करार झाला. तुमचे कैदी तुमच्याकडे, आमचे आमच्याकडे. तुमच्या मुलाचं नाव मी आमच्या यादीत घातलंय."

फ्रोस्याने त्याचा हात धरून मुका घेतला. बिचारा कानापर्यंत लाल झाला. माणूस भला होता, आजही मी तेच म्हणेन.

सेहेचाळीसमध्ये सैबेरियाच्या पार टोकाहून, कोलिमाच्या खाणीतून गोर्देयचं पत्र आलं. शिक्षा दहा वर्षं. गुन्हा काय, तर जिवंतपणी शत्रूच्या हाती लागला. फ्रोस्या म्हणाली, "आपल्याच देशात आहे ना, बस." पण त्यानंतर तिने मला टोमणा मारल्याचं आठवत नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

छप्पन्नमध्ये गोर्देय परतला. तोंडात चारच दात. मी तिथेच होते. फ्रोस्याने बिटाचं सूप केलं होतं. तो सावकाश खात होता, पावाखाली तळहात धरून, चुरा सांडू नये म्हणून.

"छावणीत मी पोलिश आहे असं सांगितलं होतं," तो म्हणाला. "खोटं नाव लावलं होतं. पोलिश माणसांना बळजबरीने परत पाठवत नव्हते. एका शेतावर कामही ठरलं होतं. पुढच्या सोमवारी जायचं होतं."

"मग?" मी विचारलं.

"मग एक दिवस कागद घेऊन आले. माझं खरं नाव, बाबांचं नाव, गाव. रांगेतल्या एकेकाची भुवई बघत आले, मावशी. तिथे कुणाला म्हणजे कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. आई, कुणी सांगितलं असेल गं?"

फ्रोस्याची पळी भांड्यातच थांबली. काहीतरी बोलायला हवं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "असेल कुणीतरी मेला चुगलखोर. कधी भलं व्हायचं नाही त्याचं."

"नाहीच व्हायचं," फ्रोस्या म्हणाली, आणि तिने त्याला आणखी एक पळी सूप वाढलं.