चौथ्या बाजूचं अस्तर

आमच्या घरात लाकूड हे ह्यांचं खातं आणि कापड हे माझं. ही वाटणी ह्यांच्या निवृत्तीनंतर झाली. आयुष्यभर ह्यांनी ठाण्यात एका ऑफिसात काम केलं, हातात पेनापेक्षा जड काही धरलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर महिन्याभरात कोपरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत करवत, रंधा आणि पटाशी घेऊन बसले. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा बसायला लागला. मी थोडे दिवस सोसलं आणि मग ठणकावून सांगितलं, सकाळी गॅलरी कपड्यांची, दुपारनंतर लाकडाची.

ह्यांच्या सुरुवातीच्या पेट्या बाहेरून बऱ्या आणि आतून रामभरोसे. कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींना भेटायच्या त्या नाइलाजाने. मधल्या फटीत हे भुसा आणि गोंद कालवून त्याची लांबी, म्हणजे पुटी, भरायचे आणि मला म्हणायचे, "अगं, तू ब्लाउजला लावतेस तसं आतून अस्तर लावून दे ना." मी शेजारपाजारच्यांचे ब्लाउज शिवते, त्यामुळे अस्तर म्हटल्यावर मी कशाला घाबरते! पहिल्या पेटीत कापड सरळ गोंदाने चिकटवलं. गोंद कापडातून वर आला आणि वाळल्यावर त्याचा पापड झाला. मग शहाणी झाले. प्रत्येक बाजूच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, त्यावर कापड ताणून मागे चिकटवायचं, आणि तो पुठ्ठा पेटीत बसवायचा. पुठ्ठा कापताना कापडाच्या जाडीची जागा सोडायची. ब्लाउजला शिलाईसाठी कापड जास्त ठेवतात, इथे उलटं, कमी करायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत मिठाईचे कितीतरी खोके कामी आले.

कापड मी उल्हासनगरहून आणते. तिथे सोफ्याच्या कापडाचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात, त्यात स्वेडसारखं मऊ कापडही सापडतं. त्याला लव असते. एकीकडून हात फिरवला की रंग गडद, उलटा फिरवला की फिका. सगळ्या बाजूंची लव एकाच दिशेला ठेवली नाही, तर पेटी उघडल्यावर एक भिंत रुसून बसल्यासारखी दिसते. ह्यांना हे कितीदा सांगितलं तरी कळत नाही, आणि मला पटाशीला धार कशी लावतात ते कळत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

मग मुलीचं लग्न ठरलं. "आई, रुखवत वगैरे काही मांडू नकोस. कोण करतं आता?" असं तिने आधीच बजावलं. फार मागे लागल्यावर म्हणाली, "बाबांची एक पेटी ठेव, बस."

अडचण अशी, की मुलाच्या वडिलांचा विठ्ठलवाडीला फर्निचरचा कारखाना. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहाचा कप उचलण्याआधी त्यांनी टीपॉयच्या खालून हात फिरवला. ह्यांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष राहिलं नाही. आपली पेटी ह्या माणसाच्या हातात पडणार, एवढंच डोक्यात. माझ्या डोक्यात वेगळं होतं. जो माणूस टीपॉय खालून तपासतो, तो सून कशी तपासेल? आमची लेक गुणी आहे, पण तिची पोळी एकीकडे कच्ची राहते आणि राग थेट माझ्यावर गेलाय.

ह्यांनी सागवान आणलं. एवढ्या निगुतीने काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पेटी झाली, बाहेरून पॉलिश झालं, आणि आश्चर्य म्हणजे आतूनही झालं. मी कापड काढून बसले, तर हे म्हणाले, "हिला अस्तर नको."

"का बरं?"

"आत सगळं स्वच्छ झालंय. अस्तर दिसलं की व्याह्यांना वाटणार, काहीतरी झाकलंय."

"म्हणजे इतकी वर्षं मी झाकत होते तेव्हा चाललं, आणि आता माझं कापड नको?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मुलगी दोघांची आहे, पेटी एकट्याची कशी?"

त्या संध्याकाळी मी भांडी जरा जास्तच आवाज करून घासली. मला खरंच लागलं होतं. ती पेटी मुलीबरोबर जाणार आणि तिच्यात माझा एक टाकाही असणार नाही, हे मला सहन होईना. शेवटी मीच तोड काढली. पुठ्ठे चिकटवायचेच नाहीत, नुसते घट्ट बसवायचे, वर फितीची बारीक कड ठेवायची. ज्याला लाकूड बघायचंय त्याने ओढून काढावं. ह्यांना ते एकदम पटलं.

हे खडवलीला पत्रिका द्यायला गेले तेव्हा मी पेटी घेऊन बसले. अस्तर लावण्याआधी मी चारही कोपऱ्यांतून नख फिरवते, कारण आत जरा उंचवटा असला तरी स्वेडवर उमटतो. तीन कोपरे छान लागले. चौथ्यात नख किंचित अडकलं. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर लांबी. अगदी बेमालूम रंगवलेली, पण लांबीच.

आधी मला हसू आलं. मग वाईट वाटलं. बिचाऱ्यांनी किती वेळ बसून ती फट बुजवली असेल आणि मलाही सांगितलं नाही. सांगावं तर हे नवीन पेटी करायला घेणार आणि लग्न तोंडावर आलेलं. सोडावं तर व्याह्यांचा अंगठा नेमका तिथे जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही. मी त्या बाजूच्या पुठ्ठ्याला मागून गोंद लावला आणि तो कोपऱ्यावर नीट दाबून धरला. बाकीचे तीन तसेच ठेवले.

हे परत आले, तीन पुठ्ठे काढून, घालून पाहिले, खूष झाले. चौथ्याकडे हात जाताच मी म्हटलं, "सारखे काढू नका, कोपरे मऊ पडतात." त्यांनी हात इतक्या पटकन मागे घेतला की माझ्या लक्षात आलं, मी लांबी पाहिलीय हे ह्यांनाही कळलंय.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये एका टेबलावर ती एकटीच पेटी. व्याही आले, बाह्या सरसावल्या, झाकण दोनदा उघडून मिटवलं. मग फितीला धरून पहिला पुठ्ठा वर काढला, अंगठा फिरवला, मान हलवली. दुसरा. तिसरा. हे माझ्या शेजारी उभे. चौथा ओढला, तो येईना. त्यांनी नखाने पुन्हा हलकेच उचलून पाहिला आणि थांबले. ह्यांनी मांडवातल्या झेंडूच्या माळांकडे पाहायला सुरुवात केली.

व्याह्यांनी तिन्ही पुठ्ठे परत जागेवर बसवले आणि तळव्याने सगळी लव एका दिशेला बसवून घेतली. मग माझ्याकडे वळले.

"विहीणबाई, अस्तर तुमी लावलं ना?"

"हो."

"ही एक साइड पक्की केली."

"केली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते थोडे पुढे झुकले आणि फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाले, "आमच्या कारखान्यात पण एक साइड पक्कीच असते. आमी फक्त सांगत नाय." आणि पेटी उचलून आपल्या पाहुण्यांना जोरात हाक मारली, "अरे इकडे या, बघा, आपल्या व्याह्यांनी स्वतःच्या हाताने बनवलीय."

पुढचा अर्धा तास हे त्या टेबलापासून हलले नाहीत. मी तिथेच खुर्चीवर बसले. लेकीची एकीकडे कच्ची राहिलेली पोळी त्या घरात गुपचूप खाल्ली जाईल, असं मला वाटलं. पाठवणीच्या वेळी मी भरपूर रडले, पण काळजीने नाही.