गल्लीवरची तार

आमच्या समोरचा हीराकाजी म्हणजे एक नंबरचा घुम्या. नेपाळातल्या पाटणच्या आमच्या गल्लीत हात लांबवला तर समोरच्या खिडकीत वाळत घातलेली मिरची उचलता येते, एवढंच अंतर. तरी इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी चार वाक्यं सलग बोलला असेल तर शपथ! तरुणपणी खांबांवर चढून केबल टीव्हीच्या तारा ओढायचा. मग तळमजल्यावर व्हिडिओ गेमचं दुकान घातलं. दुसऱ्या दुकानांत पोरं एकाच पडद्याचे दोन तुकडे करून गाड्या पळवायची आणि एकमेकांच्या तुकड्यात डोकावून हमरीतुमरीवर यायची. ह्यानं दोन यंत्रं तारेनं जोडली आणि दोन टीव्ही पाठीला पाठ लावून ठेवले. ज्याचा रस्ता त्यालाच दिसणार, चोरून बघायची सोय नाही. लांबलांबून पोरं यायला लागली.

स्वतः मात्र त्यानं कधी रिमोट हातात धरला नाही. त्याचा रोजन लहानपणापासून मागे लागायचा, "बा, एक रेस माझ्याशी!" ह्याचं उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाईक गेल्यावर." गिऱ्हाईक कधी गेलंच नाही. रोजन मोठा झाला, कतारचा व्हिसा घेऊन आला, आणि त्या दिवसापासून बापानं अबोला धरला. अहो, एकुलता एक पोरगा! पोटात तुटत असेल तर तोंडानं बोलावं की नाही माणसानं?

जायच्या दिवशी सकाळी चिनीमाया, म्हणजे त्याची बायको, सगुनाची, म्हणजे निरोपाच्या शुभविधीची, अंडी तळत होती. हीराकाजी स्वयंपाकघरात आला आणि पोरगा समोर बसलेला असताना बायकोला म्हणाला, "त्याला सांग, खाली यंत्रं लावतोय. एक रेस खेळून जा म्हणावं." रोजन ते ऐकून धाडधाड जिना उतरला.

ज्योतिषानं घराबाहेर पडायची साइत काढून दिली होती. ती वेळ आली की पाय उंबऱ्याबाहेर पडलाच पाहिजे, आणि पडलेला पाय प्रवास करून येईपर्यंत घरात परत जाता कामा नये. टॅक्सी बाराला येणार होती, तोवर रोजननं माझ्याकडे बसायचं असं ठरलं होतं.

मी दारात डाळीचे वडे भाजत होते, त्यामुळे दुकानातलं सगळं दिसत होतं. यंत्रं जोडायची तार उंदरानं कुरतडली होती. हीराकाजीनं नवी कापली, आतल्या रंगीत बारीक तारा ओळीत लावून टोक दाबलं, बटण चालू केलं. पडद्यावर आलं, दुसरं यंत्र सापडत नाही. टोक छाटून पुन्हा केलं, पुन्हा तेच. हे काम तो झोपेत करेल! पण त्या दिवशी त्याच्याकडून हिरव्याच्या जागी निळी तार जात होती.

"बा, द्या इकडे, मी करतो," रोजन म्हणाला.

"बस तू."

कितीतरी महिन्यांनी बाप पोराशी थेट बोलला ते हे दोनच शब्द. पोरगा शहाण्यासारखा बसला.

वरून चिनीमायाचा जीव टांगणीला लागला होता. "अहो, साइत टळतेय! तुमच्या तारा घाला चुलीत!"

"झालंच."

"कसलं झालंच? जन्मभर तुमचं झालंच चाललंय!"

शेवटी तीच ताट घेऊन खाली आली. पोराच्या कपाळाला टिळा लावला, गळ्यात माळ घातली, हातात अंडं आणि मासा दिला, घोटभर अइला, म्हणजे आमची घरची दारू, पाजली. "ऊठ आता!" रोजननं बापाकडे पाहिलं. बापानं तारेचं टोक दातात धरलं होतं, मान काही वर केली नाही. दारातल्या भरल्या कलशांमधून पोरगा बाहेर पडला, आणि बघा नशीब कसं असतं, त्याचा पाय गल्लीत टेकला न टेकला तोच आत दोन्ही पडद्यांवर गाड्यांची घरघर सुरू झाली. यंत्रं जुळली होती.

रोजन वळायला गेला. चिनीमायानं त्याची मान धरली. "मागे फिरलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

मी त्याला वर माझ्या खोलीत बसवलं. हातातलं अंडं तसंच धरून बसला होता बिचारा. मला इतका राग आला! खिडकीतून ओरडले, "हीराकाजी, आता तरी तोंड उघड! पोरगं चाललंय!"

त्यानं एक यंत्र काखेत मारलं, तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि माझा जिना चढून आला. "ज्ञानीदिदी, तुमचा टीव्ही चालतो ना?"

"चालतो. पण तुझ्या बाजूची लाइट बाराला जाते बाबा. आमची नाही जात, भारनियमनात आमचा गट वेगळा. तुझी बॅटरी तरी धड आहे का?"

"बॅटरी मेली. होईल तेवढ्यात."

आणलेलं यंत्र माझ्या टीव्हीला जोडलं, तारेचं एक टोक त्याला लावलं, भेंडोळं समोरच्या खिडकीत फेकलं, आणि खाली धावला. दुसरं यंत्र आणि टीव्ही त्यानं वर खिडकीपाशी कधी नेला कळलंसुद्धा नाही. गल्लीत उभी राहून चिनीमाया कावरीबावरी झाली. "दिदी, हे चालतं का हो?"

"पोरगा घरात जात नाहीये, तार जातेय. तारेला कसली आलीय साइत?"

तीन फेऱ्यांची रेस होती. सुरुवातीलाच हीराकाजीची गाडी भिंतीवर आदळली, मग उलटी पळाली. रोजन खिडकीतून ओरडत होता, "बा, उलटं चाललात! फिरवा, फिरवा! अहो, ब्रेक सोडा!" समोरून आवाज, "कुठलं बटण?" दोघं हसत होते. त्या घरातून हीराकाजीचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी घड्याळाकडे बघत होते. बारा वाजत आले होते. खाली टॅक्सी येऊन भोंगा वाजवायला लागली.

रोजन कधीच तिसऱ्या फेरीच्या शेवटाला पोचला होता. पण रेषेच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली.

"अरे, संपव की!" मी म्हटलं.

"बा येऊ देत. बरोबर जाऊ." आणि खिडकीकडे तोंड करून ओरडला, "बा, मी थांबलोय! सावकाश या!"

"आलो रे, आलो! वळणावर आहे!"

भोंगा वाजत होता. चिनीमाया खालून हाका मारत होती. माझ्या पडद्यावर मागच्या वळणावर बापाची लाल गाडी दिसली, भिंतीला घासत, वेडीवाकडी. आणि एकाएकी ती दिसेनाशी झाली. पडद्यावर आलं, जोडणी तुटली. बारा वाजले होते, समोरची लाइट गेली होती.

रोजननं रिमोट खाली ठेवला आणि बॅग उचलली.

आम्ही खाली आलो तर हीराकाजी टॅक्सीपाशी उभा. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पुसायचंही भान नाही. "नको जाऊ म्हणायचं होतं रे. जमलंच नाही. आणि आता रेसही राहिली."

रोजननं वाकून त्याच्या पायांना हात लावला. "ती राहू दे बा. आलो की तिथून पुढे खेळू."

"मग तार काढत नाही मी."

तार अजून गल्लीवर लोंबतेय. वीजवाले आले, नगरपालिकेचे आले, हीराकाजी सगळ्यांशी भांडला. हो, भांडला! रोज दुकान उघडायच्या आधी एकटाच सरावाला बसतो. आता उलटा जात नाही, भिंतीलाही क्वचितच घासतो. शेवटच्या रेषेशी आला की मात्र गाडी थांबवतो, आणि तिथंच यंत्र बंद करतो. मी विचारलं, "पार का करत नाहीस रे?"

"रोजन यायचाय," म्हणाला.