रोहेकर सरांनी पुन्हा घेतलेला तास

रोहेकर सर मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, आणि माणूस गेला म्हणून आता आवडायला लागला असंही मी म्हणणार नाही. आखातात, अजमानच्या भारतीय शाळेत मी इतिहास शिकवायला रुजू झाले, तेव्हा ते विभागप्रमुख होते. स्वागत म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर नकाशांची चाळीस पुस्तकं आणि एक काळा मार्कर आपटला. "भूमध्य समुद्राच्या काठावर एक नाव आहे. ते दिसता कामा नये आणि पान फाटता कामा नये. यल्ला, लागा कामाला." त्या वर्षांत इस्राएलचं नाव छापलेलं पुस्तक मुलांच्या हातात देता येत नसे. मी काळं केलेलं प्रत्येक पान त्यांनी खिडकीशी धरून पाहिलं आणि सहा पुस्तकं परत माझ्यापुढे सरकवली.

"शिकवा. शहाणपणा नको," हे त्यांचं पालुपद. कुणी जास्त बोललं की, "बाई, आपण इथे पोट भरायला आलोय, इतिहास घडवायला नाही." मला हा माणूस लाचार वाटायचा. डबा एकटे खायचे, कुणाच्या डब्यात हात घालायचे नाहीत, कुणाला आपल्यातलं द्यायचे नाहीत. शनिवारी पेपर तपासायला बोलावलं तर येत, पण पेनाला हात लावत नसत. मार्क तोंडी सांगत आणि मी लिहून घेत असे. हे मारुतीचं कडक व्रत असणार, असं मी ठरवून टाकलं. सुट्टीवरून येताना एकदा त्यांच्यासाठी मारुतीचा प्रसादही आणला. "ठेवा," म्हणाले, आणि पुडी शिपायाला देऊन टाकली. देवाच्या प्रसादाशी असं वागणारा माणूस माझ्या मनातून पारच उतरला.

पुढे इथल्या सरकारचे इस्राएलशी संबंध जुळले, आणि नाव छापलेली नवी पुस्तकं आली. "सर, आता तुमचं काम काय उरलं?" मी सगळ्यांसमोर टोमणा मारला. ते नुसते चष्मा पुसत बसले. मी मात्र उघडपणे इस्राएलवर खूश होते. पुण्यात आमच्या घरी त्या बोटभर देशाचं कौतुक ऐकतच मी वाढले होते.

मग गाझाचं युद्ध पेटलं आणि शाळेत सगळ्यांचीच डोकी तापली. त्याच महिन्यात दहावीला युरोपातल्या राष्ट्रवादाचा धडा होता. एका पत्रकाराच्या मनात आलं आणि रिकाम्या जमिनीवर इस्राएलचा पाया पडला, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. सलमाने हात वर केला. तिचे वडील पॅलेस्टिनी, अजमानमध्ये गॅरेज चालवायचे. फी परवडते म्हणून मुलगी आमच्या शाळेत. "मॅम, माय ग्रेट-ग्रँडफादर हॅड ऑरेंज ट्रीज इन याफा. वॉज इट एम्प्टी?"

"ऑलमोस्ट," मी म्हणाले, आणि पुढे शिकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील मुख्याध्यापकांसमोर बसले होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, रोहेकर सर काय रिपोर्ट देतात त्यावर बघू." नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. घरातल्या चौघांचे व्हिसे माझ्या एकटीच्या नोकरीवर होते. आणि माझं भवितव्य त्या माणसाच्या हातात, ज्याला मी चार लोकांत टोमणे मारले होते.

त्यांनी रिपोर्ट लिहिलाच नाही. माझ्या तासाला वर्गात आले आणि मुलांसमोर मला म्हणाले, "बाई, तुम्ही मागे बसा." एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. मग त्यांनी तोच धडा पहिल्यापासून घेतला. रशियात जमाव ज्यूंची घरं कशी जाळत होते, पॅरिसमध्ये एका निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला कसं गद्दार ठरवलं, व्हिएन्नाच्या त्या पत्रकाराने ज्यूंच्या स्वतंत्र देशासाठी छोटं पुस्तक लिहून स्वित्झर्लंडात बाझेलला परिषद का भरवली. मग फळ्यावर याफा लिहिलं, सलमाच्या पणजोबांचं, आता इस्राएलमध्ये गेलेलं शहर. तिथलं बंदर, बागा, आसपासची गावं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसं. "ते लोक घाबरलेले होते, हे लिहा," ते म्हणाले. "आणि ती जमीन रिकामी नव्हती, हेही लिहा. दोन्ही वाक्यं एकाच पानावर."

एका मुलाने विचारलं, "सर, हाऊ डू यू नो सो मच?"

सरांनी खडू खाली ठेवला. "कारण मी ज्यू आहे. सॅम्युएल रोहेकर. आमचं गाव कोकणात. बाझेलच्या परिषदेचं बोलावणं मुंबईच्या आमच्या लोकांनाही आलं होतं. त्यांनी कळवलं, देव नेईल तेव्हा जाऊ. माझे काका पुढे इस्राएलला गेले, तर लग्नाच्या वेळी तिथल्या धर्मगुरूंनी त्यांना विचारलं, तू खरा ज्यू कशावरून? ते परत आले."

शनिवार हा ज्यूंचा काम न करण्याचा वार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मारुतीची पुडी आठवून माझे कान तापले. बाहेर आल्यावर मी थँक्स म्हणाले, तर म्हणाले, "तुमच्यासाठी नाही घेतला तास. धडा चुकला होता."

सलमाच्या वडिलांनी तक्रार मागे घेतली, तरी शाळेत माझी फाइल उघडीच राहिली. त्यात सरांविरुद्ध नव्या तक्रारी आल्या. काही पालकांना ज्यू शिक्षक नको होता. आपल्या मराठी मंडळातल्या एकाने शाळेला लिहिलं की हा माणूस इस्राएलच्या विरोधात बोलला. मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. 'रोहेकर सरांनी वर्गात स्वतःच्या धर्माचा विषय काढला.' खाली सहीची जागा. "तुम्ही सही करा, तुमचं प्रकरण खलास."

मी सही केली.

त्यांचा करार वाढवला नाही. शेवटच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या द्यायला आले. "सही पाहिली. शब्दन्‌शब्द खरा आहे."

"सर, माझा व्हिसा..."

"माहीत आहे हो. इतकी वर्षं मीही तेच केलं." किल्ल्या ठेवून निघून गेले. जाताना हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत.

गेल्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली, रोहेकर सर गावी, रेवदंड्याला वारले. तक्रार करणाऱ्या त्याच गृहस्थांनी जोडलेले हात टाकले आणि शेजारी इस्राएलचा निळा-पांढरा झेंडा. मला संताप आला. मी लिहिलं, "झेंडा काढा. सर रेवदंड्याचे होते."

त्यांनी लगेच काढला, वर सॉरीही म्हणाले. माझी नोकरी गेली नाही, व्हिसा गेला नाही, काहीच झालं नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी मात्र सरांसाठी माझ्या तोंडून एक वाक्यही निघालं नव्हतं.