आधी पाणी, मग बोलणं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली आणि पुढं हातात कोयता आला. शीतल, माझी मुलगी, म्हणाली, "आई, तू लिही, मी चुका काढून देते." मी नको म्हटलं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या नलिनीबाईंनी माझ्या बोलण्यातल्या चुका कधी काढल्या नाहीत, मग आता लिहिण्यातल्या तरी कशाला काढायच्या? वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

बाई गेल्याचा निरोप मला मांजरसुंब्याला मिळाला. ऊसतोडीचा हंगाम संपवून आमची टोळी ट्रकनं गावाकडं येत होती आणि फाट्यावर चहाला थांबली होती. शीतल बीडला नर्सिंग शिकते, तिचा फोन आला. एरवी ती फोनवर भडाभडा बोलते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "आई... आपल्या बाई गेल्या." मी विचारलं, "माती झाली का?" तर म्हणाली, काल झाली. मी ग्लास हातात धरून बसले. मालक, म्हणजे शीतलचे वडील, दोनदा म्हणाले, "चहा पी की." मला एवढंच वाटत होतं, की बाई माझी बोलायची पाळी राखून गेल्या आणि मी काही बोललेच नाही.

ही पाळीची गोष्ट दुष्काळातली. त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गावच्या सोसायटीनं चारा छावणी काढली. आमचे दोन बैल आणि गाय तिथं दावणीला होती, म्हणून आम्हीही तिथंच राहत होतो. नलिनीबाई चकलांब्याच्या. हायस्कुलातून रिटायर झालेल्या, एकट्या. त्यांचीही एक गाय छावणीत होती. दुपारी पेंड वाटून झाली की पोरांना काही काम नसायचं. मोठ्यांच्या राजकारणावरून ती एकमेकांच्या अंगावर जायची. कुणी पाण्यावरून भांडायचं, कुणी जातीवरून. एकदा दोघांनी दावणीचे खुंटे उपटले, तेव्हा बाई मध्ये गेल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भांडायचंच हाय ना? मग बसून भांडा. मी शिकवते."

त्यांचा नियम साधा होता. मधोमध पाण्यानं भरलेला पितळी तांब्या ठेवायचा. ज्याला दुसऱ्याचं खोडून काढायचं असेल त्यानं आधी त्याला पेलाभर पाणी द्यायचं. मग त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "बरोबर" म्हणला, की मग आपलं बोलायचं. बाई म्हणायच्या, दारात आलेल्याला आपण पाणी दिल्याबिगर काही विचारतो का? मग मनाच्या दारात आलेल्या म्हणण्याला कशाला हाकलायचं? पहिल्याच दिवशी ऋषिकेशनं यावर तोड काढली. ऋषिकेश म्हणजे सोसायटीच्या चेअरमनचा पोरगा, शीतलच्याच वर्गात, नववीला. आपलं बोलून झाल्यावर त्यानं सगळा तांब्या स्वतःच घटाघटा पिऊन टाकला आणि म्हणाला, "पाणी संपलं बाई! आता मला कुणीच बोलू शकत न्हाई!" पोरं खदाखदा हसली. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "हुशार हाईस. आता घागर उचल आणि टँकरच्या रांगेत लाग. तू येऊस्तोवर आम्ही थांबतो." रांग पार रस्त्यापर्यंत होती. घागर घेऊन आला तेव्हा त्याचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. त्यानंतर कुणी तांब्या रिकामा केला नाही.

मी गोवऱ्या थापत लांबून ऐकायचे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. बाईंना ते कळलं होतं. उठताना रोज म्हणायच्या, "शीतलची आई, तुझी पाळी राखून ठेवलीय बरं." मी पदर तोंडाला लावून मान खाली घालायचे.

एकदा टँकरच्या रांगेत मी त्यांना विचारलं, हे कशासाठी करता? त्यांनी घागर रांगेत एक पाऊल पुढं सरकवली. मग म्हणाल्या, "सोसायटीच्या निवडणुकीत माझा भाऊ एका पॅनलला, मी दुसऱ्या. पारावर मी त्याला नको ते बोलले. परत बोलणं व्हायच्या आधीच तो वारला... त्याचं म्हणणं काय होतं, ते अजून बी मला ठाव न्हाई बघ."

त्याच दिवसांत आमच्या घरात शीतलच्या लग्नाची सुपारी फुटली होती. आमच्या कामात जोडप्याला एक कोयता म्हणतात. मालकांनी टोळीच्या आसाराम मुकादमाकडून आमच्या कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली होतीच. पुढच्या हंगामाला मुलगी-जावयाचा दुसरा कोयता येईल म्हणून त्याचीही घेतली आणि लग्नाच्या तयारीत खर्च केली. शीतल काही बोलली नाही. तिनं जेवण कमी केलं. मीही काही बोलले नाही... आई असून.

बाईंना हे कळलं. त्यांनी आम्हाला काही सुनावलं नाही. दुसऱ्या दिवशी विषय दिला, मुलीचं लग्न लवकर करावं की नाही. पटत नाही तीच बाजू बोलायची, असाही त्यांचा नियम होता. शीतलला त्यांनी "लवकर करावं" ही बाजू दिली. माझ्या हातातलं शेण हातातच राहिलं. मालक बैलापाशी उभे होते, ते वैरण टाकायचे थांबले.

शीतल उठली. बापाकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीला दार नसतंय. पोरगी वयात आली की आईचा निम्मा जीव उसात आन् निम्मा कोपीकडं. माझी आई झोपताना माझा हात धरून झोपती. गावाकडं ठेवावं तर आजीला दिसत न्हाई. काही इपरीत झालं तर लोक बापालाच बोलत्यात. लग्न लावून दिलं, की तिच्यावर नजर ठेवायला दोन घरं होत्यात. माझे आई-बाप वाईट न्हाईत. ती भ्यालेली हायत."

ऋषिकेशनं तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "तुझं म्हणणं असं, की ह्यांना उचलीचा पैसा पायजे."

"न्हाई. असं मी म्हणले न्हाई. परत सांग."

"मग... ह्यांना शाळेचं महत्त्व कळत न्हाई."

"तसं बी न्हाई."

तो खाली बघत हळूहळू म्हणाला, "तुझं म्हणणं असं, की त्यांचा पोरीवर जीव हाय. पण पोरीला ठेवायला त्यांना जागाच न्हाई."

"बरोबर," शीतल म्हणाली.

"मग जागा बघावी की," तो म्हणाला. "नवरा कशाला बघायचा?"

कुणी हसलं नाही. मालक दावण ओलांडून आले. आम्हाला अडाणी, पैशाचे लोभी म्हणणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्यापुढं ते दगडासारखे उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी तांब्या उचलला, पेला भरला आणि लेकीपुढं धरला. म्हणाले, "मला सुदीक येवढं नीट बोलता आलं नसतं. माझं तू सांगितलंस. आता तुझं सांग."

"मला शिकायचंय, नाना," ती म्हणाली. तेवढंच.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गाईची धार काढून आमच्या दावणीपाशी आल्या. म्हणाल्या, "ऋषी जागा म्हणला ना? माझ्या घरात एक खोली रिकामी हाय. दाराला आतून कडी हाय. तुम्ही फडावर असाल तवर शीतल माझ्याजवळ राहील." लग्न मोडताना पाव्हण्यांनी आम्हाला खूप बोलून घेतलं. दुसऱ्या कोयत्याची उचल आमच्या अंगावर राहिली, दर हंगामाला थोडी थोडी फिटायची. भावकीत टोमणे बसायचे, "लेकीला शिकिवली आन् मुकादमाचं बुडिवलं." पण शीतल बाईंच्या घरातून दहावी झाली, बारावी झाली. आम्ही परत आलो की बाई मला चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझी पाळी अजून हाय."

ट्रकमधून उतरल्यावर मी घरी न जाता आधी चकलांब्याला गेले. बाईंच्या घरातल्या त्या खोलीत शीतलची जुनी खाट तशीच होती. बाईंच्या भावाचा मुलगा दहाव्याची तयारी करत होता. अलीकडं तो आत्याकडं येऊ-जाऊ लागला होता. त्यानं तांब्या आणून माझ्या हातात दिला. "आत्यानं सांगून ठेवलं होतं, शीतलला द्या म्हणून."

गेल्या आठवड्यात आसाराम मुकादम हिशोबाला घरी आले. उचलीचा शेवटचा तुकडा यंदा फिटायचा होता. पण ते म्हणाले, अजून थोडं राहतंय. मालकांचा आवाज चढला. शीतल सुट्टीला आली होती. तिनं तोच तांब्या भरून आणला आणि मुकादमांना पाणी दिलं.

"काका, तुमचं म्हणणं असं हाय का, की यंदा टोळीतल्या काही जोड्या उचल घेऊन पळाल्या, कारखान्यानं ते तुमच्या पैशातून कापलं, म्हणून तुम्ही ते सगळ्यांवर वाटलं?"

मुकादमांनी पेला खाली ठेवला. "बरोबर हाय, पोरी. मला बी घर हाय. पर हे कुणी इचारीत न्हाई, समदे शिव्याच देत्यात."

"आता माझं ऐका. माझे आई-बाप एक दिस बी पळाले न्हाईत."

मुकादमांनी हिशोबाची वही मिटली. मग हसले. म्हणाले, "तुझ्या बापाला जमलं न्हाई ते तू केलंस. जाऊ दे. फिटलं समदं." आणि जायला उठले.

तेव्हा मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. पेला भरला, थोडं पाणी सांडलं. मुकादमांपुढं धरला आणि म्हटलं, "दादा, तुमी म्हणता फिटलं. पर ते तुमी घरात म्हणता. आमाला बोल लागला तो गल्लीत. गल्लीत सांगा."

मुकादम उभ्यानंच पाणी प्यायले, त्यांनी पेला माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि ओट्यावर गेले. समोर जावा धान्य निवडत होत्या, पलीकडं चुलतदीर बसले होते. मुकादमांनी मोठ्यानं सांगितलं, "ऐका रे समदे! ह्या घराकडं माझा एक रुपाया न्हाई. लेकीच्या नावाची उचल बी फिटली, समदी फिटली!"