साखरबाईचा कोरडा आवाज

नाही म्हणणाऱ्याकडून हो वदवून घेण्यात साखरबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं; बाकी सगळे साखरबाईच म्हणत, आणि तोंडावर म्हणत. श्रीमंतांना खासगी विमानं, हेलिकॉप्टरं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत ती अर्धं आयुष्य उड्डाणं ठरवत बसली होती. कुठलं विमान, कुठला पायलट, उतरायचं कुठं, उतरल्यावर गाडी कुठली, हे सगळं तिच्या टेबलावरून हलायचं. कुणा शेठजींना आपला कुत्रा शेजारच्याच सीटवर हवा असे, तर कुणाच्या बायकोला विमानात पिवळी फुलं चालत नसत. साखरबाई सगळ्यांचे लाड पुरवायची. दमलेला पायलट "आज नको हो" म्हणाला, की ती त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, लेकीच्या परीक्षेचं विचारायची आणि बोलता बोलता त्याला कॉकपिटमध्ये नेऊन बसवायची. आपण हो म्हटलंय, हे त्या बिचाऱ्याच्या फोन ठेवल्यावर लक्षात यायचं.

पुढे मालकानं विमानं विकली आणि कंपनीला टाळं लागलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला आता कोण विचारणार, असं शेजारीपाजारी म्हणत होते, तोवर तिला दुसरीकडे कामही लागलं. शहराबाहेरच्या लहान विमानतळावर हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सचं ठाणं होतं. दूरच्या दवाखान्यांचे फोन घ्यायचे, हवा बघायची, पायलटला विचारायचं आणि हेलिकॉप्टर धाडायचं. सगळं ओळखीचंच काम, म्हणून साखरबाई पहिल्या दिवशी अगदी खुशीत खुर्चीत बसली.

कंट्रोल रूमचा कारभार मोठ्या मॅडमकडे होता. त्या मूळच्या नर्स, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एकच नियम दोनदा सांगितला. "पायलटला पेशंट कोण, कसा, किती वर्षांचा, यातलं काहीही सांगायचं नाही. कुठून कुठं आणि वजन किती, एवढंच. हवा बघून तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर तेच पुन्हा विचारायचं नाही."

"अहो, पण माणूस मरायला टेकलेला असेल तर?"

"तरी नाही. लहान मूल आहे म्हटलं की पायलट ढगातही घुसतो. मग मूलही जातं, आणि आपली माणसंही जातात."

साखरबाईला हे पटलं नाही. घरी जाऊन नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "दगडाच्या काळजाची बाई आहे." नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "हूं."

व्हायचं ते लवकरच झालं. एका दवाखान्यातून फोन आला, आणि पायलटला विचारताना साखरबाईची जीभ नेहमीच्या वाटेनं गेली. "कॅप्टन, नुकतं जन्मलेलं बाळ आहे हो. एवढंसं."

कॅप्टन फोन ठेवून, हेलिकॉप्टरचा हँगर ओलांडून स्वतः आत आला. चाळिशीचा, हसरा माणूस. पण तेव्हा हसत नव्हता. "बाई, आता मी हे उड्डाण घेऊ शकत नाही. मी हो म्हटलं, तर ते हवेकडे बघून म्हटलं की बाळाकडे बघून, हे माझं मलाच कळणार नाही." फाटकाबाहेरच राहणाऱ्या दुसऱ्या पायलटला बोलवावं लागलं. त्यानं हवा पाहिली, तो गेला, बाळ वाचलं. पण तो गेलेला वेळ साखरबाईच्या मानगुटीवर बसला. मोठ्या मॅडम ओरडल्या नाहीत. "तुमचा आवाजच सगळं सांगून टाकतो," एवढंच म्हणाल्या, "तो बदलणार असेल तर इथे राहा." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग साखरबाईनं घरी कोरड्या आवाजाचा सराव सुरू केला. आरशासमोर उभी राहून ती गावांची नावं आणि वजनं म्हणायची. एकदा त्याच आवाजात तिनं नवऱ्याला विचारलं, "भाजी संपली आहे. आणता का?" नवऱ्यानं भिंग काढलं, चप्पल घातली आणि दारातून विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" लेक तर पोट धरधरून हसली. पण आवाज जमत गेला. कामावर कुणाला तिच्या बोलण्यावरून काही ओळखू येईना, आणि तिला त्याचं थोडं वाईटही वाटायचं.

एका दुपारी डोंगरावरच्या गावातून फोन आला, तेव्हा ती एकटीच टेबलाशी होती. तिथल्या लहान दवाखान्याचा तरुण डॉक्टर घाईत बोलत होता. हार्ट ॲटॅक, निवृत्त मुख्याध्यापक, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तातडीनं न्यायला हवं. साखरबाईनं गाव आणि वजन टिपून घेतलं.

"आणि हो," डॉक्टर म्हणाला, "यांचा मुलगा तुमच्याकडेच पायलट आहे. त्याला सांगा, म्हणजे लगेच निघेल."

त्यानं नाव सांगितलं. ते कॅप्टनचे वडील होते.

काचेपलीकडे, हँगरच्या खोलीत कॅप्टन हातात चहाचा कप घेऊन नर्सला कसलीशी गंमत सांगत होता. साखरबाईनं फोन उचलला. गाव सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, वजन सांगितलं. वाक्य संपेपर्यंत तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

कॅप्टननं हवेचे आकडे पाहिले, खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. "नाही. घाटावर ढग उतरलाय. मी त्याच गावात वाढलोय बाई, तो ढग मला ठाऊक आहे. संध्याकाळशिवाय हलायचा नाही."

"ठीक आहे," साखरबाई म्हणाली.

तिनं फोन ठेवला. एक वाक्य, फक्त एक वाक्य, की हा माणूस कप टाकून धावत सुटला असता. अशी वाक्यं ती आयुष्यभर बोलत आली होती, शेठजींच्या कुत्र्यांसाठी! आणि आज एका बापाचा जीव जात असताना तोंडाला कुलूप. उद्या त्याला कळलं तर तो आपलं तोंड पाहील का? पण घाटावरचा ढग कुणाचा बाप ओळखत नाही, हेही तिला दिसत होतं. हेलिकॉप्टरमध्ये तो एकटा नसणार. नर्स असेल, डॉक्टर असेल, त्यांनाही घरी कुणीतरी असेल.

पुन्हा तेच विचारायचं नव्हतं. दुसरं काहीतरी विचारायला मात्र कुणाची मनाई नव्हती. साखरबाईनं डोळे मिटले. शेठ लोकांना तिनं कुठंकुठं उतरवलं होतं! डोंगराच्या पायथ्याशी धरण होतं, धरणाखाली मोठं मैदान. तिथं तिनं एकदा हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांनी अख्खं वऱ्हाड उतरवलं होतं.

तिनं डॉक्टरला फोन लावला. "तुमच्या गाडीतून पेशंटला घाट उतरवून धरणाच्या मैदानापर्यंत आणता येईल?"

"मुलाला सांगितलंत का?"

"डॉक्टर, आणता येईल का?"

"हळूहळू आणावं लागेल. पाऊण तास तरी. मी सोबत बसतो."

मग तिनं कॅप्टनला नवा प्रश्न विचारला, अगदी पहिल्यासारख्याच आवाजात. धरणाचं मैदान, तिथून हॉस्पिटल, वजन तेवढंच. कॅप्टननं पुन्हा आकडे पाहिले. "तिथं स्वच्छ आहे. जाऊ. गाडी खाली यायच्या बेतानं निघू."

हो म्हणून झालं होतं. आता तो हो बदलणार नव्हता, आणि आता लपवून ठेवणं साखरबाईला पाप वाटलं. गरगरत्या पंख्याखाली स्ट्रेचरवर अचानक बाप दिसला, तर या माणसानं काय करावं? तिनं दुसऱ्या पायलटला फोन करून बोलावून घेतलं, मोठ्या मॅडमना टेबलाशी बसवलं, सगळं सांगितलं आणि चालत हँगरमध्ये गेली.

"कॅप्टन, पेशंट तुमचे वडील आहेत. हार्ट ॲटॅक आहे, शुद्धीवर आहेत. दुसरे पायलट इकडे यायला निघालेत, ते गेले तरी गाडी मैदानावर पोचायच्या आत तिथं उतरतील. कुणी जायचं ते तुम्ही ठरवा."

"मगाशी विचारलंत, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

तो स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. दुसरा पायलट आला, तेव्हा त्याच्याकडे हेल्मेट देऊन म्हणाला, "तू जा. माझे हात आज माझे नाहीत."

हेलिकॉप्टर उडालं. कॅप्टन कंट्रोल रूममध्ये येऊन साखरबाईच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. तिला वाटलं, संपलं, हा माणूस आता जन्मात आपल्याशी बोलायचा नाही. तरी वायरलेसवर ती नेमानं उत्तरं देत राहिली.

डॉक्टरचा फोन आला. मैदानावर पोचलो, पेशंट ठीक आहे. "पण बाई, घाटात काय ढग होता! गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. पुढे एक माणूस टॉर्च घेऊन चालत होता, तेव्हा उतरलो." फोनचा आवाज मोठा होता, खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

कॅप्टन भिंतीकडे बघतच म्हणाला, "मला सांगितलं असतंत, तर मी गेलो असतो."

"माहीत आहे."

"त्या ढगात गेलो असतो, बाई."

"माहीत आहे," साखरबाई म्हणाली, आणि तिचा इतक्या दिवसांचा कोरडा आवाज तिथं फुटला.

वायरलेस खरखरला. नर्स बोलत होती. पेशंट हेलिकॉप्टरमध्ये आहे, नाडी बरी आहे, आणि त्यांचा एक निरोप आहे. "मास्तर विचारतायत, चालवतंय कोण? मुलगा असेल तर मला खाली उतरवा म्हणतात. त्याला सायकल शिकवताना यांच्याच पायाचं हाड मोडलं होतं म्हणे."

कॅप्टन हसायला लागला. हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग त्याचे खांदे हलत राहिले. मोठ्या मॅडमनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि हॉस्पिटलला जायला गाडी सांगितली.

गाडी आली तसा तो उठला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"उद्या माझी आई असली," तो म्हणाला, "तरीही मी हो म्हणेपर्यंत सांगू नका."

"नाही सांगणार."

तो गेला. मग मात्र साखरबाई टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली, आणि तेवढा वेळ फोन मोठ्या मॅडमनी घेतले.