सातव्या घरातली मेड्युसा

फणसवाडीतल्या मुलाच्या घरी मी आणि आई दुसऱ्यांदा गेलो ते साखरपुड्याची तारीख ठरवायला. मुलगा मला आवडला होता, त्यात लाजायचं काय? पण गारेगार पियुषचे ग्लास हातात येतायत तोच त्याच्या आत्याने लॅपटॉप उघडला. बाईंनी नुकताच पाश्चात्त्य ज्योतिषाचा ऑनलाइन कोर्स केला होता. आपल्या नवग्रहांवर त्यांचं भागेना, आता लघुग्रहही लागत होते.

"हिच्या सातव्या घरात मेड्युसा आहे," आत्या म्हणाल्या. सातवं घर म्हणजे जोडीदाराचं. मेड्युसा म्हणजे ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली बाई. तिच्या नजरेला नजर दिली की माणसाचा दगड होतो. तिचं नाव दिलेला एक धोंडा आकाशात फिरतोय, आणि म्हणे तो मला नवरा लाभू देणार नाही!

"तारखेचं जरा थांबू या," मुलाची आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. ती गोष्ट मी वाचली होती. "आत्या, अख्खी गोष्ट सांगा की! त्या पोरीवर देवळात समुद्राच्या देवाने हात टाकला. देव सुटला आणि साप हिच्या डोक्यावर. वा रे न्याय! आणि वर अपशकुनीही तीच?"

मग माझी आईच चाचरत म्हणाली, "खरं सांगू? हिची जन्मवेळ मी जरा मागे घेतलीय. मंगळ होता हो आठव्यात. तो काढायला गेले नि ही बया येऊन बसली."

आत्यांचा चेहरा खुलला. "मग खरी वेळ द्या ना! मेड्युसा सातव्यातून सरकेल. मंगळाचं काय, शांत करून घेऊ."

"काही सरकवायचं नाही," मी म्हणाले. "मंगळ माझा, मेड्युसाही माझी. हवी असेन तर अशीच, सगळ्या गोतावळ्यासकट." बोलताना मी मुलाकडेच बघत होते. एकदा, फक्त एकदा त्याने माझी बाजू घ्यावी, एवढंच मला हवं होतं.

त्याने त्याच्या आईकडे बघितलं. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला.

मी पर्स उचलली आणि उठले. आईला हाक मारायला वळले, तर ती माझ्याआधीच चपला घालून जिन्यात उभी होती.